एआयला कोड लिहायला सांगताना काम केवढं द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वेब बॅकएंडवर काही वर्षं काम केलेल्या एका डेव्हलपरच्या टीममध्ये आता एआय कोडिंग सहायक आला आहे. चालू ओळ पुरी करून देणं, छोटं फंक्शन लिहिणं इथपर्यंत तो छान चालतो. पण अख्खं फीचर सांगितलं की दहा-बारा फायली बदलतो, न सांगितलेल्या गोष्टीही करून ठेवतो, आणि ते निस्तरण्यात स्वतः लिहायला लागला असता त्याहून जास्त वेळ जातो. तेव्हा चांगले प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायच्या सूचना, लिहायला शिकायचं कसं? आणि या सगळ्यात आपण स्वतः प्रोग्रॅमिंग विसरणार तर नाही ना?

पहिल्या प्रश्नाचा रोख मला थोडा बदलावासा वाटतो. प्रॉम्प्टची शब्दरचना ही इथली मुख्य अडचण नाही. ‘तू एक अनुभवी इंजिनिअर आहेस’ अशी सुरुवात केली किंवा ‘नीट विचार करून लिही’ असं बजावलं, तर माझ्या अनुभवात कामाच्या दर्जात फारसा फरक पडत नाही. अडचण ही आहे की तुम्हाला एका वेळी नीट तपासता येईल त्यापेक्षा मोठं काम तुम्ही एका दमात देत आहात. काम देण्याआधी स्वतःला एकच विचारा: हे बरोबर झालं की नाही, ते मला कशावरून कळेल? उत्तर तयार असेल तर काम द्या. नसेल तर काम लहान करा, नाहीतर आधी ते उत्तर शोधा. बाकी बहुतेक सवयी यातूनच येतात.

आधी हे साधन कसं चालतं ते थोडं. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आला तेव्हा तो कर्सरच्या पुढची ओळ सुचवायचा. ती ओळ तुमच्या डोळ्यांसमोर असायची, पटली तर घ्यायची, नाहीतर टाइप करत राहायचं. तपासणी आपोआप होत होती, कारण सूचना दोन-चार ओळींची असायची. आताचे एजंट, उदाहरणार्थ २०२५ मध्ये आलेला क्लॉड कोड किंवा कर्सर या कोड एडिटरमधला एजंट, वेगळ्या पद्धतीने काम करतात. मॉडेल स्वतः फायली शोधून वाचतं, बदलतं, टर्मिनलवर टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) चालवतं, आलेली एरर वाचून पुन्हा बदल करतं. हे चक्र तुमच्याशिवाय बराच वेळ फिरू शकतं. म्हणजे लिहिण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढला, पण तुमचा वाचण्याचा वेग तोच राहिला. ओळ सुचवणाऱ्या साधनाबरोबर लागलेली सवय एजंटबरोबर कामाला येत नाही, ती याच कारणाने.

वेळ वाचतो की जातो, याबद्दल दोन अभ्यास एकत्र वाचण्यासारखे आहेत. कोपायलटच्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला होता. साधन वापरणाऱ्या गटाने ते काम ५५.८ टक्के कमी वेळात केलं. याउलट मेटर (METR) या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरना त्यांच्याच, अनेक वर्षं सांभाळलेल्या रेपोंमधली (रेपो म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा संग्रह) २४६ कामं दिली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की काम संपल्यावर त्याच डेव्हलपरना वाटत होतं, आपला सुमारे २० टक्के वेळ वाचला.

मला हे दोन निष्कर्ष एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. एचटीटीपी सर्व्हर हे सुटं काम आहे. काय हवं ते स्पष्ट, सुरुवात कोऱ्या फायलीपासून, आणि चाललं की चाललं. जुन्या मोठ्या रेपोमध्ये मात्र निम्मे नियम कुठेच लिहिलेले नसतात. हे फंक्शन दोन ठिकाणहून बोलावलं जातं, ही व्हॅल्यू कधीही रिकामी येऊ नये, हा विचित्र दिसणारा ‘इफ’ (अट) एका जुन्या ग्राहकासाठी आहे, हे सगळं लोकांच्या डोक्यात असतं. मॉडेलला ते दिसत नाही. साधनं तेव्हापासून बरीच सुधारली आहेत, त्यामुळे १९ हा आकडा आज जसाच्या तसा लागू धरू नका. पण वाटलेला वेळ आणि घड्याळातला वेळ यांत एवढी तफावत पडू शकते, ही गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. कामाला सुरुवात करताना अंदाज लिहून ठेवा आणि शेवटी लागलेला वेळ लिहा, रिव्ह्यू आणि दुरुस्तीसकट. काही आठवड्यांत तुमच्या रेपोमध्ये कोणतं काम त्याला द्यावं आणि कोणतं देऊ नये, ते तुमच्याच नोंदींतून दिसू लागेल.

आता एक उदाहरण नीट पाहू. समजा, ऑर्डरवर कूपनची सवलत लावायची आहे. ‘कूपन फीचर टाक’ एवढंच सांगितलं तर एजंट नवीन टेबल, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारा कोड), एपीआय, ॲडमिन स्क्रीन, सगळं करून मोकळा होईल, आणि ते सगळं वाचत बसायची पाळी तुमच्यावर येईल. त्याऐवजी पहिली सूचना फक्त वाचायची द्या: ‘ऑर्डरची एकूण रक्कम कुठे कुठे काढली जाते ते शोध. फाइल आणि फंक्शनची नावं दे. काहीही बदलू नकोस.’ याचं अर्धं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याला रेपो कितपत समजला ते लगेच कळतं. कधी कधी तुम्ही विसरलेली तिसरी जागाही तो दाखवतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ही पायरी करावी.

मग आराखडा मागा. कोणत्या फायली बदलणार, कोणत्या क्रमाने, आणि कोणत्या गोष्टी तो गृहीत धरतो आहे. गृहीतकं मागायला विसरू नका, कारण चुका बहुतेक तिथेच लपलेल्या असतात. आराखड्यातला नको तो भाग इथेच काटा. एक पानाचा आराखडा दुरुस्त करायला काही मिनिटं लागतात. तीच चूक आठशे ओळींच्या कोडमधून उपटून काढायला दुपार जाते.

तिसरी पायरी उदाहरणांची, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. सवलत लावल्यावर रक्कम २.१२५ आली तर दोन दशांशांपर्यंत ती किती धरायची? पायथनचं राउंड फंक्शन २.१२ देतं, कारण बरोबर मध्यावरची संख्या ते सम अंकाकडे नेतं. जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड त्याच संख्येसाठी २.१३ देतं. म्हणजे ब्राउझरमध्ये एक रक्कम दिसेल आणि सर्व्हरवर दुसरी साठवली जाईल. दोन्ही ठिकाणचा कोड वाचताना अगदी बरोबर वाटतो. मॉडेलने स्वतः लिहिलेल्या टेस्टमध्ये बहुधा १०० वर १० टक्के असंच गुळगुळीत उदाहरण असतं, त्यामुळे टेस्टही हिरव्या, म्हणजे पास झालेल्या, दिसतात. काठावरची रक्कम कुठे वळवायची हा निर्णय व्यवसायाचा आहे. तो मॉडेलने अंदाजाने घेऊ नये. तुम्ही तो विचारून घ्या, आणि २.१२५ चं उदाहरण तुमच्या हाताने टेस्टमध्ये लिहा. शून्य रकमेची ऑर्डर, मुदत संपलेलं कूपन, एकाच वेळी दोनदा लावलेलं कूपन, ही उदाहरणंही तशीच. प्रॉम्प्ट चांगला करायचा म्हणजे प्रत्यक्षात हे करायचं.

टेस्ट आधी लिहून घ्या, चालवा, आणि त्या नापास होताना डोळ्यांनी पाहा. कधीच नापास न झालेल्या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही. त्या टेस्टचा वेगळा कमिट करा, म्हणजे गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात त्यांची वेगळी नोंद करा. मग सांगा: ‘या टेस्ट पास होतील असं लिही, टेस्टच्या फायलींना हात लावू नकोस.’ वेगळा कमिट असल्याने त्याने हात लावला तर डिफमध्ये (काय बदललं ते ओळीओळीने दाखवणाऱ्या यादीत) लगेच दिसतं. आणि एजंट तसं करतात, हे गृहीत धरून चाला. अटीतटीला आल्यावर अपेक्षित उत्तरच बदलणं, अपवाद (एरर) पकडून गिळून टाकणं, टेस्ट स्किप करणं, त्या एका उदाहरणापुरता खास ‘इफ’ घालणं, हे सगळं घडतं. त्याला टेस्ट पास करायला सांगितलेलं असतं, आणि तो तेवढंच करत असतो. टेस्ट खरोखर काही पकडते का हे पाहायचं असेल तर कोड मुद्दाम मोडून बघा. ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘पेक्षा मोठं किंवा समान’ करा आणि चालवा. एकही टेस्ट लाल झाली नाही, तर ती सीमा कुणीच राखत नाहीये.

गिटबद्दल थोडक्यात. एजंट सुरू करण्याआधी सगळं कमिट केलेलं असू द्या, म्हणजे एका कमांडने मागे जाता येतं. प्रत्येक पायरीनंतर डिफ वाचा आणि पटलं तर कमिट करा. वाचताना मी आधी टेस्टच्या फायली पाहतो, मग कॉन्फिगरेशन आणि डिपेंडन्सी (बाहेरून घेतलेली पॅकेज), मग काढून टाकलेल्या ओळी, आणि शेवटी नवीन कोड. काढून टाकलेल्या ओळींकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, कारण नजर डिफमध्ये हिरव्या दिसणाऱ्या नव्या ओळींवर खिळलेली असते. एखादी तपासणी ‘कोड सुटसुटीत केला’ या नावाखाली गायब झालेली असते, ती अशीच निसटते.

काम भरकटलं तर वाद घालत बसू नका. त्या संभाषणात जे जे झालं, चुकलेला कोड, त्यावरची तुमची तक्रार, त्यावरची अर्धवट दुरुस्ती, ते सगळं मॉडेलच्या पुढच्या प्रत्येक उत्तरात वाचलं जातं. संदर्भ, म्हणजे मॉडेलसमोरचा सगळा मजकूर, लांबला की त्याच्या मधल्या भागातली माहिती मॉडेल नीट वापरत नाहीत, हे २०२३ पासून संशोधनात दाखवलं गेलं आहे. नवी मॉडेल्स यात बरी आहेत, तरी सेशन, म्हणजे ते सलग संभाषण, गढूळ होणं थांबलेलं नाही. एकच चूक दोनदा सांगूनही सुधारली नाही, की मी बदल मागे घेतो, नवीन सेशन उघडतो, आणि पहिल्या प्रयत्नात काय कळलं ते दोन ओळींत सुरुवातीलाच सांगतो: ‘रक्कम काढण्याचं काम या फाइलमध्ये होतं, त्या फाइलमध्ये नाही, जुनं फंक्शन अजून रिपोर्टमध्ये वापरलं जातं.’ दुसरा प्रयत्न बहुतेक वेळा सरळ जातो. टाकून दिलेल्या कोडबद्दल हळहळ वाटायला नको, तो लिहायला काही मिनिटंच लागलेली असतात. तुमच्या ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या शाखेत) आत्ता ते दहा-बारा फायलींचं फीचर पडलं असेल, तर तेही असंच वापरा. डिफ वाचून त्यातून टेस्टची उदाहरणं उचला आणि ब्रँच सोडून द्या.

रेपोच्या मुळाशी सूचनांची फाइल ठेवता येते. साधनानुसार तिचं नाव एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड डॉट एमडी असं असतं, आणि प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ती वाचली जाते. तिच्यात ‘स्वच्छ कोड लिही’ अशी सुभाषितं भरू नका. टेस्ट कोणत्या कमांडने चालतात, कोणत्या फोल्डरमधला कोड आपोआप तयार होतो आणि म्हणून हाताने बदलायचा नाही, पैशांच्या रकमांसाठी फ्लोट (अंदाजे साठवलेला अपूर्णांक) चालणार नाही, डेसिमलच (नेमका दशांश) हवं, अशा ठोस ओळी लिहा. तीच चूक दुसऱ्यांदा दिसली की एक ओळ वाढवा. आणि जो नियम लिंटर, टाइप चेकर किंवा सीआय अशा आपोआप कोड तपासणाऱ्या साधनांना सांगता येतो तो तिथेच घाला. लिहिलेली सूचना मॉडेल विसरू शकतं, सीआय विसरत नाही.

सूचना मराठीत दिल्या तरी चालतात, हेही इथे सांगून टाकतो. विचार मराठीत स्पष्ट होत असेल तर मराठीत लिहा. फक्त फंक्शनची नावं, फायलींचे मार्ग आणि एरर मूळ रूपात जशाच्या तशा चिकटवा. एररचा सारांश सांगू नका, पूर्ण स्टॅक ट्रेस (एरर कोणत्या फंक्शनमधून कशी आली त्याची यादी) द्या.

मॉडेलचं ज्ञान एका तारखेपाशी थांबलेलं असतं, आणि शिकताना त्याने जुनाच कोड जास्त पाहिलेला असतो. पायथनमधलं आत्ताची यूटीसी वेळ देणारं यूटीसीनाऊ हे फंक्शन ३.१२ आवृत्तीपासून वापरू नये असं ठरवलं गेलं आहे, तरी मॉडेल ते आजही सर्रास लिहितात. पायडँटिक या पायथन लायब्ररीची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, पण पहिल्या आवृत्तीची पद्धत मध्येच डोकावते. तेव्हा लायब्ररीची आवृत्ती सांगा, आणि शंका असेल तिथे ‘आपल्याकडे बसवलेल्या लायब्ररीचा सोर्स वाचून मग लिही’ असं सांगा. याहून धोकादायक आहे ती अस्तित्वातच नसलेली पॅकेज. १६ मॉडेल्सकडून पाच लाखांहून अधिक कोडचे नमुने लिहून घेतलेल्या एका अभ्यासात, सुचवलेल्या पॅकेजपैकी व्यावसायिक मॉडेल्समध्ये किमान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेल्समध्ये २१.७ टक्के नावं कपोलकल्पित निघाली. असं नाव आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवणं कुणालाही शक्य आहे. त्यामुळे नवीन डिपेंडन्सी एजंटला परस्पर बसवू देऊ नका. नाव स्वतः शोधा, तिचा रेपो पाहा, मग हो म्हणा.

परवानग्यांबाबतही तेवढंच कडक राहा. एजंट ज्या टर्मिनलवर चालतो तिथे प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड असता कामा नये. ‘डेटा पुसू नकोस’ ही सूचना म्हणजे कुलूप नव्हे. शिवाय एजंट बाहेरचा मजकूर वाचतो, जसं की कुणीतरी लिहिलेला इश्यू किंवा वेब पान, आणि त्या मजकुरात त्याच्यासाठी छुप्या आज्ञा असू शकतात. यालाच प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, आणि त्यावर पक्का उपाय अजून सापडलेला नाही. खाजगी माहिती, परका मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय, या तिन्ही गोष्टी एकाच सेशनमध्ये एकत्र येऊ देऊ नका. तिघांतली एक तरी काढा.

सुरुवात कुठून करायची? अनोळखी कोड समजून घेण्यापासून. मग ज्या जुन्या कोडला टेस्ट नाहीत त्याला टेस्ट लिहून घेण्यापासून, कारण तिथे बरोबर काय ते सध्याच्या वागण्यावरून ठरतं. मग पन्नास ठिकाणी एकाच प्रकारे करायचे यांत्रिक बदल. मग असे बग जे हुकमी पुन्हा घडवून दाखवता येतात. लॉगिन आणि परवानग्या, समांतर चालणारा कोड, चालू डेटाबेसचं मायग्रेशन ही कामं सर्वांत शेवटी, कारण तिथे चूक टेस्टमध्ये क्वचित दिसते.

आता कौशल्य विसरण्याची भीती. ती अनाठायी नाही. उत्तर आयतं मिळत गेलं तर डोक्याला ताण पडत नाही, आणि ताण न पडता शिकलेलं टिकत नाही. पण हे साधनापेक्षा ते कुठे वापरता यावर ठरतं. जे तुम्हाला उत्तम येतं आणि फक्त टाइप करायला कंटाळवाणं आहे, ते बिनधास्त सोपवा. जे नव्याने शिकता आहात, मग ती नवीन भाषा असो किंवा डेटाबेसचे लॉक असोत, त्याचा पहिला प्रयत्न स्वतः लिहा आणि मग मॉडेलला दोष काढायला सांगा. ‘उत्तर देऊ नकोस, मला प्रश्न विचार’ असंही सांगता येतं, आणि ते याबाबतीत चांगलं काम करतं. बग आला तर कारणाचा आपला अंदाज आधी लिहा, मगच विचारा. अंदाज चुकला तर कुठे चुकला ते कळतं, आणि डीबगिंग शिकण्याचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. टीममध्ये कुणी अगदी नवखं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. त्यांना साधनापासून लांब ठेवू नका, पण त्यांच्या पुल रिक्वेस्टवर (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या या विनंतीवर) बसून ‘ही ओळ का आहे?’ असं विचारायला वेळ काढा.

माझ्या टीममध्ये यासाठी एकच नियम आहे, तुम्हीही तो घालून पाहा. स्वतः समजावून सांगता येणार नाही अशी एकही ओळ पुल रिक्वेस्टमध्ये टाकायची नाही. कोड कुणी लिहिला, माणसाने की एजंटने, ते आम्ही विचारत नाही. पण वर्णनात दोन गोष्टी लागतात: काय हाताने तपासलं आणि काय तपासलेलं नाही. दुसरी ओळ लिहायला सुरुवातीला लोक बिचकतात. काही दिवसांनी रिव्ह्यू करणारा आधी तीच ओळ वाचतो आणि थेट तिथूनच सुरुवात करतो.